शहा आलम तेराव्या शतकात, जिवाजीराव १९८६ मध्ये: नाण्यांच्या साइटचं 'नवं रूप'

मल्हारनगरी (इंदूर), धागाकर्ता

साइटचं नाव घेत नाही. इथे नाणी-तिकिटं जमवणारे जेवढे आहेत त्या बहुतेकांचं खातं तिथेच आहे, त्यामुळे कुणाबद्दल बोलतोय ते कळेलच. गेल्या आठवड्यात लॉगिन केलं तर वर निळी पट्टी: 'आम्ही बदललो आहोत! तुमचा संग्रह आता अधिक सुंदर.' ती पट्टी बंद करायची फुली मोबाइलवर पडद्याच्या बाहेर जाते. म्हणजे पट्टी आता जन्माची सोबतीण.

सुंदर म्हणजे काय झालं ते बघा. जुन्या फॉर्मात दोन रकाने होते, नाण्यावरचं साल आणि ते कुठल्या कालगणनेतलं. हिजरी, शक, विक्रम संवत, इसवी, यातलं एक निवडायचं. नव्या फॉर्मात एकच रकाना, 'वर्ष', त्यात चार आकडे. जुनी माहिती नव्यात ओतताना यांनी आकडा उचलला आणि कालगणना फेकून दिली. माझा मल्हारनगर टांकसाळीचा रुपया, मोगल बादशहा शहा आलमच्या नावाचा, पिंड आणि बेलपान असलेला, हिजरी १२०९ चा, म्हणजे अहिल्याबाईंच्या अगदी अखेरच्या काळातला. तो आता इसवी १२०९ मध्ये जाऊन पडलाय. सालवार यादी लावली की कुतुबुद्दीन ऐबकाच्या शेजारी दिसतो. ग्वाल्हेरचा जिवाजीराव शिंद्यांचा पाव आणा, संवत १९८६, खरं तर १९२९ सालचा. साइट म्हणते १९८६. महाराज १९६१ साली गेले, त्यानंतर पंचवीस वर्षांनी, राजीव गांधींच्या काळात, त्यांनी तांब्याचं नाणं पाडलं म्हणायचं.

बरं, हाताने दुरुस्त करायला जावं तर फॉर्म अडून बसतो. राज्यकर्ता निवडा म्हणतो, 'शहा आलम दुसरा' निवडला, साल १८१५ टाकलं, की लाल अक्षरात उत्तर: 'हा राज्यकर्ता या वर्षी हयात नव्हता.' अहो, नव्हताच! १८०६ ला गेला बादशहा. पण त्याच्या नावाची नाणी इंदुरात पुढेही पडतच राहिली, होळकरांनी बादशहाचं नाव लगेच पुसलं नाही. मध्य हिंदुस्थानातल्या निम्म्या संस्थानांचं असंच आहे. हे ज्याला माहीत नाही त्याने तो नियम लिहिला आणि ज्यांना माहीत आहे त्यांना विचारलं नाही.

वजन आता पूर्ण ग्रॅममध्ये. इंग्रजी अमदानीतला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, तो झाला १२. माझ्याकडचे दोन होळकरी रुपये, एक १०.९ आणि एक ११.४, दोघेही ११. यातला १०.९ वाला मला संशयास्पद वाटतो म्हणून तर मी सराफ्यात जाऊन काचेच्या पेटीतल्या काट्यावर दोन दशांशांपर्यंत तोलून आणला होता. ओतीव नकली नाणं पकडायचा पहिला रस्ता वजन. तोच बुजवला.

आणि फोटो. फोटो चढवला की साइट आपणहून गोल कापते. हाताने ठोकलेलं नाणं गोल कुठे असतं? ठसा मोठा, चकती लहान, अक्षरं कडेवर निसटलेली. टांकसाळीचं नाव नेमकं कडेलाच असतं आणि यांची कात्री तेवढंच खाते.

मेल केला. 'तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' बस. बाकीच्यांना काय काय दिसतंय ते इथे लिहा, एकत्र करून पाठवू.

छप्पनवाली (इंदूर): फुली सापडली

फोन आडवा धरा. पट्टीची फुली उजव्या कोपऱ्यात दिसते. दाबल्यावर पट्टी जाते आणि 'प्रीमियम घ्या' वाली येते. तिला फुली नाही.

लष्करवाले (ग्वाल्हेर): तिकिटांचं दुःख ऐका

मल्हारनगरी, तुमची नाणी निदान चुकीच्या शतकात का होईना, आहेत. माझी तिकिटं गायब झाली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ग्वाल्हेर संस्थानाने स्वतःची तिकिटं काढली नाहीत. १८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवरच वर इंग्रजीत आणि खाली हिंदीत संस्थानाचं नाव छापून वापरायचा करार होता. पतियाळा, नाभा, जिंद, चंबा, फरीदकोट यांच्याशीही असाच करार. (तुमच्या होळकरांनी १८८६ पासून तुकोजीरावांच्या चेहऱ्याची स्वतःची तिकिटं काढली, ती वेगळी शान. मान्य.) तर आमच्याकडे सगळी गंमत त्या वरच्या छपाईत. हिंदी अक्षरांची ओळ एका छपाईत १३ मिलिमीटर, दुसरीत १५ च्या आसपास. एखाद्या अक्षराची उंची कमीजास्त. आणि सगळ्यात लाडकी चूक म्हणजे इंग्रजी 'ग्वालियर' मध्ये शेवटून दुसरं अक्षर 'ओ' हवं तिथे 'सी' बसलेला. जुळारी डुलकी घेत असणार. साध्या तिकिटाच्या आणि त्या 'सी'वाल्याच्या किमतीत जमीन-अस्मानाचं अंतर.

नव्या साइटने काय केलं? स्पेलिंग सुधारलं! आपणहून. माझ्या यादीत जिथे जिथे मी मुद्दाम 'सी' टाकून लिहिलं होतं तिथे नीट 'ओ' आलाय. मग त्यांच्या दुसऱ्या सुविधेने, 'एकसारख्या नोंदी आम्ही एकत्र केल्या', तो साध्या तिकिटात मिसळून टाकला. १३ आणि १५ मिलिमीटरही एकत्र. वर हिरवी टिकली: 'तुमच्या संग्रहातल्या चुका दुरुस्त झाल्या आहेत.' अरे, त्या चुकांसाठीच तर दौलतगंजातल्या जुन्या पेढ्यांची पाकिटं उलटीपालटी करत आयुष्य गेलं.

अनुस्वार: हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

चूक जमवणाऱ्याच्या चुका दुरुस्त केल्या. पुढचा महिनाभर हसेन.

दांडियाबाजार (वडोदरा): बडोद्याची हजेरी

नमस्कार मंडळी. सयाजीराव महाराजांचे यंत्रावर पाडलेले रुपये माझ्याकडे आहेत, संवत १९४८. म्हणजे १८९१-९२. साइटवर ते आता १९४८ चे. महाराज १९३९ ला गेले, बडोदा मुंबई राज्यात गेलं १९४९ ला, तर या हिशेबाने विलीनीकरणाच्या गडबडीत दिवंगत महाराजांनी स्वतःच्या चेहऱ्याचा रुपया काढला. माझ्या मुलीने तर विचारलं, मम्मी, गांधीजी गेले त्या वर्षीचा आहे का?

दुसरी तक्रार वर्णनाची. मी सगळी वर्णनं मराठीत लिहिते, मुद्दाम. आता ती मध्येच तुटतात. हे बघा, जसंच्या तसं चिकटवतेय:

'सयाजीराव तिसरे. समोर महाराजांचा चेहरा, डोक्यावर पगडी, मागे पानांच्या माळेत एक रुपया, खाली तलवार, '

आणि त्यापुढे चौकटीत एक प्रश्नचिन्ह. पुढे संवत होतं, कडेच्या रेघा होत्या, कुणाकडून घेतला ते होतं. इंग्रजीत लिहिणाऱ्या माझ्या मैत्रिणीचं वर्णन याच्या अडीचपट लांब आहे आणि अख्खं आहे. हे मराठीलाच का?

बिंदुमाधव: एवढं काय

फुकटची साइट आहे. फुकटात घर मिळालं तर भिंतीच्या रंगावरून भांडू नये. एवढा त्रास असेल तर वही घ्या, पेन घ्या. माझे वडील वहीत लिहायचे. वहीला अपडेट येत नाही.

मल्हारनगरी: फुकटची कुणी सांगितली?

बिंदुमाधव, मी वर्षाची वर्गणी भरतो, दांडियाबाजारताईही भरत असतील. आणि समजा नसती भरली, तरी त्या साइटवर मालकाचं स्वतःचं असं काय आहे? होळकरी नाण्यांच्या नोंदी इथल्या चार लोकांनी चढवल्या. ठशातले फरक, सूर्यमुखाचे प्रकार, कुठल्या सालात बेलपान कुठे वळतं, सगळं. सूर्य उगवतो तसं आपोआप नाही आलं ते. रात्री जेवणं आटोपल्यावर भिंग घेऊन बसलेल्यांनी केलंय.

वहीचं म्हणाल तर वही आहे. पण वहीतून कोल्हापूरचा माणूस मला सांगू शकत नाही की 'तुमच्याकडे आहे तोच ठसा माझ्याकडेही आहे, आणि माझ्यावर साल पूर्ण वाचता येतं.' तेवढ्यासाठी तर तिथे गेलो.

सेमीकोलन (इंदूर): जरा दुसरी बाजू

मी विजयनगरला एका कंपनीत हेच काम करतो, जुन्या साइटी नव्या करणं. त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. दोन शब्द त्यांच्या बाजूने, मग तुमच्या.

जुनी साइट ज्या सॉफ्टवेअरवर होती त्याच्या पानाखाली आवृत्ती दिसायची, पीएचपी ५.६. त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं ३१ डिसेंबर २०१८ ला बंद झालं. त्यानंतर सापडलेलं प्रत्येक भगदाड उघडंच. कुणीतरी एक दिवस आत शिरून सगळ्यांचे पासवर्ड नेले असते आणि तेव्हा हाच धागा वेगळ्या नावाने निघाला असता. बदल करणं भागच होतं. आणि अशा साइटमागे फार तर दोन-तीन माणसं असतात, तीही नोकरी सांभाळून.

आता तुमच्या बाजूने. दांडियाबाजार, तुमचं वर्णन मी मोजलं. बरोबर २५५ बाइटवर तुटलंय. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे नुसत्या 'की'ला सहा. कुणीतरी 'वर्णन २५५ पुरे' असं ठरवलं, इंग्रजीत ती चार-पाच ओळी होतात, मराठीत जेमतेम ८५ चिन्हं. तुमच्या तलवारीनंतरच्या अक्षराचे दोन बाइट आत राहिले, तिसरा बाहेर पडला, म्हणून ते चौकटीतलं प्रश्नचिन्ह. वैर मराठीशी नाही, हिंदी, गुजराती, तमिळ सगळ्यांचं हेच झालं असणार. पण तपासायला एकही देवनागरी नोंद घेतली नाही, हे मात्र उघड आहे.

वजनाचंही तसंच. रकान्याचा प्रकार पूर्णांक ठेवला की दशांश उडतात, कुठलीही सूचना न देता. कालगणनेचा रकाना नव्या तक्त्यात नव्हता, म्हणून जोडणी करणाऱ्याने तो सोडला. जुन्या डेटाबेसची प्रत त्यांच्याकडे असणारच. मनात आणलं तर दोन दिवसांचं काम.

फाटकी_वही (उज्जैन): मदत हवी, घाबरलोय

मी नवीन आहे. मला काल लंडनच्या एका माणसाचा निरोप आला, 'तुमचा होळकर रुपया घ्यायला तयार आहे, पाठवणार का?' मी तर तो विक्रीला लावलाच नव्हता! माझ्या पानावर जाऊन बघितलं तर प्रत्येक नाण्याखाली 'विक्रीस उपलब्ध, जगभर पाठवतो' असं लिहिलंय. आणि वर संग्रहाची अंदाजे एकूण किंमत, खाली गाव आणि कॉलनीचं नाव. हे सगळ्यांना दिसतंय का?

सनद: आधी ते बंद करा, मग बाकीचं वाचा

हो, सगळ्यांना दिसतंय. नव्या रूपात हे दोन्ही पर्याय आपोआप सुरू केले आहेत. खातं, मग 'माझी दुकानमांडणी', तिथे सगळ्यात खाली 'सार्वजनिक' आणि 'आंतरराष्ट्रीय' अशी दोन बटणं आहेत. दोन्ही बंद करा. मग बाहेर पडून, लॉगिन न करता, आपलं पान दुसऱ्या फोनवरून उघडून खात्री करा.

आता लंडनच्या माणसाला काय सांगायचं. १९७२ चा पुरावशेष आणि कलावस्तूंचा कायदा आहे. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं त्यात पुरावशेष धरलं जातं आणि ते खासगी माणसाने देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे. पाठवू शकतं ते फक्त केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था. तुमचा रुपया त्यात बसतो, मल्हारनगरींचे बसतात, दांडियाबाजारताईंचे १८९१ चेही बसतात. म्हणजे साइटने एका बटणाने आपल्या सगळ्यांकडून जाहीर करवून घेतलंय की आम्ही कायदा मोडायला तयार आहोत. मला बाकी कशाहीपेक्षा हे जास्त गंभीर वाटतं. सौंदर्याचं राहू द्या.

फोटोंचंही बघा. मोबाइलने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात, लोकेशन सुरू असेल तर. चढवण्याआधी ते काढून टाका. घरात चांदी आहे, किती आहे आणि घर कुठे आहे, तिन्ही एकाच पानावर नकोत.

फाटकी_वही: झालं

बंद केलं. आभार. बायकोला एकूण किंमत दिसली ती मात्र दिसलीच.

अनुस्वार: अवांतर

ती नवी 'ओळखा' सुविधा कुणी वापरली का? फोटो दाखवला की नाणं कुठलं ते सांगते म्हणे. मी इंदूरचं सूर्यमुखवालं दाखवलं. उत्तर: अर्जेंटिना, विश्वास ९१ टक्के. त्यांच्याही नाण्यावर चेहऱ्याचा सूर्य असतो हे खरं आहे, पण एवढ्या लांब? बसलेल्या नंदीचा अर्धा आणा दाखवला तर 'पाळीव प्राणी, पदक'.

लष्करवाले: उत्तर

पिंड-बेलपान दाखवून बघा. मला 'तेलाचा दिवा' असं मिळालं.

जुनाखांब (पुणे): हे आधीही झालंय

ऑगस्ट २०१० मध्ये 'डिग' नावाच्या साइटने चौथी आवृत्ती आणली. लोकांनी बातम्या वर-खाली करायच्या, तेच तिचं भांडवल. नव्या रूपात नेमकं तेच बिघडवलं आणि लोक झुंडीने 'रेडिट'वर गेले. 'फोटोबकेट'ने २०१७ मध्ये बाहेरच्या पानांवर फोटो दाखवायचे तर वर्षाला जवळपास ४०० डॉलर मागायला सुरुवात केली. जुन्या छंदवाल्या मंचांवरचे तिथून येणारे फोटो दिसेनासे झाले. माझं रेल्वे इंजिनांचं एक संकलन होतं, त्यातले निम्मे फोटो त्यातच गेले, मूळ फाइली कुणाकडेच नव्हत्या.

म्हणून सांगतो, त्यांनी दुरुस्त करो न करो, मूळ फोटो आणि नोंदी आपल्या डिस्कवर हव्यात.

दांडियाबाजार: कशा उतरवायच्या?

तेच तर. 'माझा संग्रह डाउनलोड करा' दाबलं, फाइल आली, एक्सेलमध्ये उघडली. सगळ्या मराठीच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली परदेशी अक्षरं.

सेमीकोलन: असं करा

फाइल ठीक आहे, उघडायची पद्धत चुकतेय. दोनदा टिचकी मारून उघडू नका. एक्सेल आधी रिकामं उघडा, 'डेटा' मध्ये जाऊन मजकुराच्या फाइलीतून आणा, आणि तिथे 'फाइल ओरिजिन' विचारेल तेव्हा यूटीएफ-८ निवडा. टोप्या जातील. त्याच पडद्यावर साल आणि वजनाच्या रकान्यांना 'मजकूर' हा प्रकार द्या. नाहीतर एक्सेल स्वतःच हुशारी करतं, '३-४' सारख्या ठसा क्रमांकाची तारीख करून टाकतं.

पण ही नव्या साइटची फाइल, म्हणजे यात नुकसान आधीच झालेलं. जुनी साइट महिनाअखेरपर्यंत जुन्या पत्त्यावर चालू आहे, मुखपृष्ठाच्या तळाशी अगदी बारीक अक्षरात दुवा आहे. उतरवायचं ते तिथून. तिथे कालगणना आहे, दशांश आहेत, लष्करवाल्यांचा 'सी'सुद्धा आहे. फोटो एकगठ्ठा मिळत नाहीत, एकेक उघडून 'मूळ आकार'वर जाऊन साठवावे लागतील. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

मल्हारनगरी: सालाबद्दल एक विनंती

उतरवताना कुणीही सालांचं इसवीत रूपांतर करून मूळ आकडा पुसू नका. दोन रकाने ठेवा: नाण्यावर जे आहे ते, आणि शेजारी इसवी.

कारण हिशेब सरळ नाही. शकात ७८ मिळवा, संवतातून ५७ वजा करा, हे ढोबळ. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ते ७९ आणि ५६ होतं. त्यातही संवत आमच्याकडे इंदूर-ग्वाल्हेरला चैत्रात बदलतो, गुजरातेत दिवाळीनंतर कार्तिकात. हिजरी तर ३५४-३५५ दिवसांचं, दर तेहेतीस वर्षांत एक वर्ष पुढे पळतं. हिजरी १२०९ जुलै १७९४ ला सुरू होऊन जुलै १७९५ ला संपतं, मग इसवी कुठलं लिहिणार? त्यात बादशहाचं राज्यवर्ष वेगळं कोरलेलं, आणि ते हिजरीशी जुळेलच असं नाही. टांकसाळवाले जुना ठसा वर्षानुवर्षं वापरायचे. ही विसंगतीच पुढे कुणाला तरी कामी येते. यशवंतराव होळकरांचा संस्कृत मजकुराचा रुपया शक १७२८ चा. त्यावर हिजरी सोडून शक का आलं, हा प्रश्न पडायला आधी नोंदीत 'शक' हा शब्द शिल्लक हवा ना.

बिंदुमाधव: ठीक

हे पटलं. वहीत वडिलांनी 'सं.' आणि 'हि.' असं प्रत्येक सालापुढे लिहून ठेवलंय, आत्ता बघितलं.

बिंदुमाधव

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). दोनदा गेला.

लष्करवाले: त्यांना कसं लिहिलं

'तुमची साइट भिकार झाली आहे' असं लिहून काही होत नाही, ते मीही आधी लिहून झालो. सेमीकोलन यांनी सांगितलं तसं लिहिलं: कुठल्या पानावर, काय टाकलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, सोबत पडद्याचा फोटो. एका पत्रात एकच तक्रार. 'सी'वाल्याचं पत्र सगळ्यात आधी. जुन्या सूचीतल्या त्या नोंदीचा फोटो जोडला, म्हणजे ही चूक छपाईची आहे, माझी नाही, हे कळावं.

दोन दिवसांत माणसाचं उत्तर आलं. यंत्राचं नाही, कारण त्यात 'अरे बापरे' होतं. स्पेलिंग-सुधारणा तिकिटांच्या विभागातून काढतोय, एकत्र केलेल्या नोंदी सुट्या करायला वेळ लागेल. वजनाचे दशांश या आठवड्यात परत. कालगणनेचं 'विचाराधीन'. विक्रीच्या बटणाबद्दल सनद यांचं पत्र वकिलाकडे दिलंय म्हणे.

सनद

वकिलाकडे दिलंय म्हणजे आता सहा महिने. बटणं बंदच ठेवा.

छप्पनवाली: दशांश आले!

आत्ताच बघितलं, वजनात टिंब टाकता येतंय. बढिया!

मल्हारनगरी: आले खरे

आले. मी ११.६६ टाकलं. आता माझा रुपया एक किलो एकशे सहासष्ट ग्रॅमचा आहे. संग्रहाची एकूण चांदी बघून मला स्वतःलाच पहारेकरी ठेवावासा वाटतोय.

सेमीकोलन: टिंब नको

कळलं. बनवणारे युरोपातले आहेत, तिकडे बऱ्याच देशांत दशांशाला स्वल्पविराम असतो आणि टिंब हजारांसाठी. यांनी रकाना त्यांच्या पद्धतीने लावलाय, टिंब आलं की गिळून टाकतो. ११,६६ असं टाकून बघा.

मल्हारनगरी

चाललं. ११,६६.

दांडियाबाजार: किमतीत मात्र जपून

मंडळी, हाच प्रकार किमतीच्या रकान्यातही आहे. माझ्याकडे एक जादा पावली होती, ती भारतातल्या भारतात द्यायची म्हणून जुन्या साइटवर लावली होती, किंमत १,२०० रुपये. आता ती एक रुपया वीस पैशांना दिसतेय आणि कुणीतरी 'घेतो' दाबलंय. व्यवहार पक्का झाल्याचा मेलही आला. मला रद्द करायचं बटण सापडत नाहीये. कुणी दाबलं ते नाव लपवलेलं आहे, फक्त गाव ग्वाल्हेर दिसतंय.

लष्करवाले

पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. टपालखर्च माझा.